चार घरं सोडून

२ फेब्रुवारी

सूनबाईच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला! डोळ्याच्या आत पडदा असतो, हे मला या वयात आज कळलं.

सकाळी चहा गाळताना म्हणाली, "आई, कोपऱ्यात काळं काहीतरी लोंबतंय." मी जळमट समजून झाडू आणला. सगळे कोपरे झाडले. "अजून आहे," म्हणाली. मग दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. जळमट डोळ्यात होतं.

संध्याकाळी ऑपरेशन. डावा डोळा तिचा लहानपणापासून अधू — उजेड आहे की अंधार, एवढंच त्याला कळतं. म्हणजे सगळी भिस्त उजव्यावर. चिरंजीव जहाजावर, फोन लागेना. मी बाकावर बसून जप करत होते. करत कसली, मणी नुसते ओढत होते.

४ फेब्रुवारी

पालथं झोपायचं, पालथं बसायचं, जेवायचंसुद्धा मान खाली घालून. डोळ्यात हवेचा बुडबुडा भरलाय! तो वर तरंगतो आणि पडद्याला जागेवर दाबून धरतो म्हणे. बुडबुडा विरेपर्यंत काही दिसणार नाही. विरला की दिसेल, डॉक्टर म्हणाले — "बहुतेक". तो बहुतेक मी घरी आणलाच नाही. दवाखान्यातल्या बाकाखाली सोडून आले.

५ फेब्रुवारी

हे हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूने लिहितेय. नवी वही कशाला, एवढी पानं कोरी आहेत.

आज दुपारी उशीत तोंड खुपसून म्हणाली, "आई, तुम्ही माझे डोळे व्हाल? आणि हातही?"

नोकरी नवीन आहे तिची, घरूनच करते. आधी पारखणार, मग कायम करणार. एका वाचनालयाची साइट करायची आहे — लोक घरबसल्या पुस्तक मागवणार. महिनाअखेर काम पोचलं नाही तर ते दुसऱ्याला देतील आणि हिला नारळ. तिच्या साहेबाला ती मिशीवाला म्हणते. डोळ्याचं त्याला सांगितलंय. तो म्हणाला, "हात कुणाचेही असू देत. काम तुझं हवं."

मी म्हटलं, "अगं, मी मॅट्रिक."

"मॅट्रिकला इंग्रजी होतं ना? मग नुसतं वाचा आणि सांगेन ते टाइप करा. कळायची गरज नाही."

हे शेवटचं जरा लागलंच.

७ फेब्रुवारी

मला वाटायचं, ही दिवसभर बसून चित्रं सरकवते. आज पाहिलं तर नुसती अक्षरं! रंग नाही, फोटो नाही. म्हटलं, "ही कसली गं साइट?"

"आई, दिसतं ती पुढची बाजू. मी मागची करते. सर्व्हरची."

"म्हणजे मोरीची बाजू म्हण की!"

"अगदी तीच. सगळं पाणी तिथूनच फिरतं."

वाचायची रीत आम्ही बसवली. दोन टिंबं एकाखाली एक आली की मी "विसर्ग" म्हणते. ती आधी हसली, आता तीही विसर्गच म्हणते. कंस तीन तऱ्हेचे — साधा, चौकटी, महिरपी. शाळेतली गणितं आठवली. ओळीच्या आधी मोकळी जागा असते, ती मी चौकटीच्या वहीसारखी घरांत मोजते. "डेफ पुस्तक, कंस, रिक्वेस्ट, कंस पुरा, विसर्ग. खालची ओळ, चार घरं सोडून —" (डेफ म्हणजे इथून नवं काम सुरू, म्हणे.) स्तोत्र म्हटल्यासारखं वाटतं. ती खालून "हं, हं" करते.

८ फेब्रुवारी

फ्रेमवर्क म्हणजे काय ते विचारलं. (कळायची गरज नाही म्हणे!)

"तयार घर, आई. भिंती, दारं, नळ सगळं आधीच कुणीतरी बांधलेलं. आपण फक्त संसार मांडायचा. पण त्या घराच्या रीतीनेच. ते म्हणेल तिथेच डबा ठेवायचा, म्हणेल त्याच दाराने यायचं."

"म्हणजे सासरच."

उशीतून आवाज आला, "म्हणून तर मला लवकर जमलं."

तोंडात पदर कोंबून हसले.

११ फेब्रुवारी

आज दोन धक्के.

पहिला — सर्व्हरला काही आठवत नाही! माणूस दारात आला, बोलला, वळला की हा विसरला. पुन्हा आला तर "कोण आपण?" विचारतो. म्हणून प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी देऊन पाठवायचं. दर वेळी ती दाखवली की मग ओळख. त्या चिठ्ठीला कुकी म्हणतात. इतकं मोठं जग या विसराळू माणसावर चाललंय?

दुसरा — पासवर्ड कुठे ठेवलेलाच नसतो! त्याचा असा चुरा करतात की त्यातून पुन्हा शब्द जुळवता येत नाही. तुम्ही परत सांगितलात की त्याचाही चुरा करायचा आणि चुरा चुऱ्याशी ताडून बघायचा. मी पुढची ओळ वाचायचीच विसरले. न जाणता ओळखायचं. असं तर मी फक्त देवाबद्दल ऐकलं होतं.

सूनबाई म्हणाली, "आई, हुंकार तरी द्या. तुम्ही आहात का गेलात?"

१४ फेब्रुवारी

मोठा घोळ घातला.

ती दुपारी झोपली होती. मी तिची फाइल उघडून बसले. एकेक ओळ वाचताना जाणवलं नव्हतं, सगळी एकदम पाहते तर अक्षरं उजवीकडे आणि डावीकडे मोकळं रान! मी पोस्टाच्या पाकिटाची आतली बाजूसुद्धा लिहायला वापरते. म्हटलं, ही उधळपट्टी कशाला? एकेक ओळ ओढून समासाला आणली. सगळी फाइल. इतकी देखणी दिसायला लागली, काय सांगू!

उठल्यावर तिने चालवायला सांगितलं. लाल, लाल, नुसती लाल अक्षरं.

"वाचा."

वाचलं. इंडेंटेशन एरर.

मग हळूच, "आई... ओळी कुठून सुरू होतायत?"

"समासापासून. सगळ्या. मी नीट लावल्या."

तिची पाठ हलायला लागली. रडवलं मी पोरीला! जवळ गेले तर हसत होती. डोळ्याला हिसका बसू नये म्हणून उशी दातात धरून हसत होती. मलाच रडू आलं.

मग सांगितलं, "जी ओळ चार घरं आत असते, ती वरच्या ओळीच्या पदरात असते. बाहेर ओढली की तिला कळतच नाही, आपण कुणाच्या. त्या मोकळ्या जागेलाही अर्थ आहे, आई."

मी म्हटलं, "मग लिहायचं ना तसं वर, जागा सोडा म्हणून!"

१५ फेब्रुवारी

मागे जाता येतं! रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नव्हता आणि सकाळी हिने एक ओळ टाइप करायला लावली. फाइल परवासारखी! जिथल्या तिथे, सगळी घरं मोकळी. रोज संध्याकाळी ती जे जमा करून ठेवते ना, त्यातल्या हव्या त्या दिवसाला परत जायचं. कालचं पुसलंही जात नाही, नुसतं मागे पडतं.

मी हात जोडले. म्हटलं देवा, ही सोय तू संसारात का नाही ठेवलीस?

१९ फेब्रुवारी

तपासणी. तिला आत नेलं, मला बाहेर बसवलं. पुष्कळ वेळ लागला. बाहेर आली ती ताठ मानेने! "आई, आता पालथं पडायची गरज नाही."

"आणि बुडबुडा?"

"तो विरेल आपोआप."

मी तिथेच, सगळ्यांसमोर, जमिनीला डोकं टेकवलं. नर्स धावत आली, तिला वाटलं मला घेरी आली. रिक्षात सूनबाईने माझा हात धरून ठेवला होता. लग्नाला आठ वर्षं झाली, असा कधी धरला नव्हता. मी खिडकीबाहेर बघत राहिले, उगाच भरून यायला नको म्हणून.

२० फेब्रुवारी

हात धरला काय आणि आज बघा! मिठाचा डबा मी खालच्या फळीवर ठेवला तर केवढ्याने ओरडली. "आई, वस्तू हलवत जाऊ नका! जिथे असते तिथेच असू दे!" माझ्याच स्वयंपाकघरात! मीही ऐकवलं, "हे काय फ्रेमवर्क आहे का?" हसली नाही. थोड्या वेळाने येऊन म्हणाली, "चुकलं. पण नका हलवू."

आजारपणाने माणूस चिडका होतो. धरून ठेवायचं नाही.

२२ फेब्रुवारी

आता ती स्वतः टाइप करते. मी फक्त स्क्रीनवरचं वाचायचं. माझी बोटं नकोशी झाली वाटतं. एवढी मेहनत घेतली, कुठलं अक्षर कुठे ते पाठ केलं! बोलले नाही. पण वाचताना आवाज चढवला, तेवढं तिला कळलं असणार.

शिवाय सारखी घाई. "भरभर, आई. आणखी भरभर." इतकं भरभर मी स्तोत्रही म्हणत नाही, देव रागावेल. "ताण घेऊ नकोस, थोडे दिवस थांब, दिसायला लागलं की कर" — हे म्हटलं की विषय बदलते.

आज अख्खी फाइल तिने तोंडपाठ म्हणून दाखवली. विसर्गासकट, घरांसकट. मी बघत राहिले. म्हटलं, "एवढी पाठ कशाला करायची? ती काय कुठे पळून जातेय?"

"असावी म्हटलं जवळ."

२४ फेब्रुवारी

आज मी एक पान स्वतः लिहिलं!

पुस्तक परत केल्याची नोंद करायचं पान. ती म्हणाली, "हे तुम्ही करा. मी काही सांगणार नाही." मी म्हटलं, वेड लागलंय का? पण बसले. पुस्तक कुणाच्या नावावर आहे ते आधी शोधायचं. नसेलच कुणाच्या तर तसं सांगायचं. असेल तर नावावरून उतरवायचं. हे तर मी उसन्या वाटीभर साखरेचंसुद्धा करते! डेफ लिहिलं, कंस, विसर्ग. चार घरं सोडली. इफ — आणि त्याच्या पदरात आणखी चार.

लाल अक्षरं आली. मी सांगितलं, आवाज पडला होता. ती म्हणते, "एरर? छान! वाचा, तीच सांगेल काय हवंय ते." चूक झाली की या धंद्यात छान म्हणतात! एक विसर्ग राहिला होता. घातला. चाललं.

चाललं!! पुस्तक परत झालं! मी खोलीत दोन गिरक्या घेतल्या. तिला दिसलं नाही ते बरं.

२६ फेब्रुवारी

चिरंजीवांचा फोन. सूनबाई फोन घेऊन भिंत चाचपत आत गेली आणि दार लोटून घेतलं. नवराबायकोचं बोलणं. मी मुद्दाम भांडी जोरात घासली. बाहेर आली तर नाक लाल. "इतके महिने समुद्रावर राहायचं म्हणजे," म्हटलं, "आठवण येणारच." मान हलवली.

मग चिरंजीव माझ्याशी बोलले. "आई, तू शिकतेस म्हणे?" म्हटलं, "शिकते कसली, तिचे डोळे उघडेपर्यंत जागा धरून बसलेय." फोन कट झाला असं वाटलं. नव्हता झाला. म्हणाला, "पुढच्या बंदरावर उतरतोय. रजा घेतलीये." एवढी अवचित रजा?

२८ फेब्रुवारी

काम पोचलं! मिशीवाला स्वतः फोनवर. खरंच मोठ्या मिश्या, स्क्रीनभर. "कायम केलंय तुला," म्हणाला. मग, "काकू कुठे आहेत?" मी दाराआडून पुढे झाले, पदर सावरून.

"काकू, इथे ऑफिसात सगळे आता विसर्ग म्हणायला लागलेत."

मी चाट! त्यांना कुणी सांगितलं? सूनबाई गालात हसत होती. मिशीवाला मात्र नंतर तिच्याशी एकदम हळू आवाजात बोलला, "पुढचं सगळं तुझ्या वेगाने." इतका भला साहेब मी पाहिला नाही.

आता फक्त बुडबुडा तेवढा विरू दे. माझी तक्रार नाही.

२ मार्च

दिवेलागणीला तिच्या खोलीतून परक्या बाईचा आवाज. भरभर, एकसुरी, श्वास न घेता. कोण आलं म्हणून डोकावले. कुणी नाही. कॉम्प्युटर बोलत होता. स्क्रीन काळी, खोलीत मिट्ट काळोख, आणि सूनबाई ताठ बसून सरसर टाइप करत होती.

म्हटलं, "अगं, दिवा तरी लाव! डोळ्यांना ताण —"

"कशाला, आई?"

बटणावरचा हात तसाच राहिला.

मग तिने सांगितलं. एकोणीस तारखेच्या तपासणीलाच डॉक्टर बोलले होते. पडदा पुन्हा सुटला. आता काही करता येणार नाही. चिरंजीवांना माहीत, मिशीवाल्याला माहीत. घरात मी एकटीच पालथी पडलेली. मला वाटत होतं ती मला शिकवतेय. ती माझ्या आवाजावर शिकत होती.

दिवा लावला नाही. चाचपत जाऊन शेजारी बसले. म्हटलं, "कुठवर आलीस?"

"चार घरं सोडून," म्हणाली, "रिटर्न."