साहेबांना जोडून द्या

सोमवार
आले एकदाची लेकीकडे, कायमची. दुसरीपर्यंत शिकलेली मी, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण नातीनं वही दिली, म्हणाली, आजी, रोज लिही. घर वर, खाली जुनं टेलिफोन एक्सचेंज. आमचे व्याही तिथे साहेब होते. आता त्यांनी तिथेच फोनचं संग्रहालय मांडलंय. आधी ढोल बडवून निरोप धाडत, मग तारेचं कडकट्ट, मग फोन, असं सगळं रंगवून सांगितलं. मी म्हटलं, आमच्या जाऊबाईंना तारही लागत नसे, निरोप गावभर आपोआप पोचायचा. पोट धरून हसले.

बुधवार
पाहुण्यांना दाखवायला मला ऑपरेटर बाई केलंय. लाकडी फळा, भोकंच भोकं, माझ्या कानाला ऐकायचं-बोलायचं यंत्र. कुणी फोन केला की त्याच्या भोकावरची झडप पडायची. तिथे पिन खुपसून विचारायचं, कोण हवंय, मग दुसरी पिन त्या माणसाच्या भोकात. का हवंय ते विचारायचं नाही. ज्याचं एकाशी बोलणं चालू, त्याला दुसरीकडे जोडता येत नाही. तारा कधीच्याच कापल्यात, नुसती गंमत. नात म्हणते, आजी, या वयात नोकरी लागली बघ.

शुक्रवार
पाहुणे गेल्यावर एक झडप आपली आपण पडली. सवयीनं पिन लावली. कानात एका बाईचा गोड आवाज. म्हणाली, साहेबांना जोडून द्या. मी दिलं. वर व्याह्यांच्या खोलीतला बंद पडलेला जुना फोन वाजला.
ऐकू नये, पण खोड माझी. ती म्हणत होती, एक्सचेंजला आग लागली तेव्हा मी आतून दार ठोठावत होते. ऑपरेटरनं जागा सोडू नये म्हणून कुलूप तुम्ही लावलं होतंत. व्याही म्हणाले, नियमच होता तसा.

शनिवार
व्याही गेले. कानापासून गळ्यापर्यंत काळेठिक्कर. डॉक्टर म्हणतात, हृदय. लेक-जावई रडतायत, माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. जित्या बाईला कोंडलं. करावं तसं भरावं.

रविवार
झडप परत पडली. म्हटलं, झालं ना तुझ्या मनासारखं, जा आता बाई. ती म्हणाली, माझ्या पोटात पोर होतं. साहेबांचा वंश राहिला, माझा नाही. नातीला जोडून द्या —
पिन उपटली. हात भाजला.

सोमवार
पिन नाही तरी वरचा फोन वाजतोय. नात उचलायला धावली — लेकीनं वेळेवर ओढली. म्हटलं, पोरीला घेऊन जा, लांब, फोन नसेल तिथे. विचारत बसू नका.
मी खाली आले. तिची पिन माझ्याच कानाला जोडली. वरचा फोन थांबला. मी बोलतेय तोवर तिला दुसरीकडे जाता येत नाही. आणि बोलायला मला कधी विषय लागलाय?

एका हातानं लिहितेय, तोंड चालूच. ती म्हणते, पुरे म्हातारे. मी म्हणते, ऐक तर —
कान पोळतोय — केसांचा वास —
गाडी सुरू झाली बाहेर. अजून फाटकात —
अगं, माझ्या लग्नात काय झालं माहितीय, नवरदेव घोड्यावरून —