विमानाला केलेला हात

कारभारीमामांना रामराम.

दोन विमान कंपन्या एक झाल्या, पण चिकलठाण्याच्या विमानतळावर दोन्हीकडच्या कामगारांचे जेवणाचे डबे अजून वेगवेगळ्या टेबलांवरच उघडतात.

सामान चढवून झालं की विमानाला हात हलवून निरोप द्यायची रीत तुम्ही पाडली. नव्या साहेबानं ती बंद केली. बंदीनंतरही कोण हात हलवतं, असं त्यानं विचारलं तेव्हा मी फक्त तुमचं नाव सांगितलं. हलवत तर आपण दोघंही होतो.

तुमची नोकरी गेली. गावी लासूरला तुम्ही सांगत फिरता, "माझ्यासाठी भाचा साहेबाशी लई भांडला." म्हणून हे पत्र धाडवत नाय.

आज विमान वळलं, तेव्हा जुन्या वैमानिकानं काचेतून तुमच्या रिकाम्या जागेकडं हात केला. मी शेजारीच उभा होतो. माझा हात वर गेला नाय.

तुमचाच म्हणवणारा,
मल्हारी