जोडाची कड

प्रिय बाबा,

एकाच संस्थेत, तुमच्या खोलीच्या बरोबर खालच्या मजल्यावर बसून तुम्हाला पत्र लिहिते आहे. हसू नका.

तुमच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीसाठी त्या दोन तुकड्यांचे फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा आईने सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. मला म्हणाली, "आता दोघंही त्या तुकड्यांतच राहायला जा, मी घर भाड्याने देते." माझं लहानपण त्या तुकड्यांच्याच गोष्टीवर गेलं. कातड्याच्या एका तुकड्यावर संदेष्ट्याचा शाप, दुसऱ्यावर क्षमा. तरुणपणी तुम्ही दोन्ही शेजारी ठेवले, कडा चपखल बसल्या, आणि जुन्या हिब्रू पोथीत शाप आणि क्षमा एकाच ओळीत होत्या, हे तुम्ही सिद्ध केलंत. तुमचं पद, तुमचे विद्यार्थी, तुमची पुस्तकं, सगळं त्या ओळीवर उभं आहे.

मी नेहमीसारखंच काम केलं. शाईचे फोटो झाले की मी तिरपा प्रकाश टाकून कातडंही बघते. जनावराचे केस गेले तरी त्यांची छिद्रं राहतात. डाव्या तुकड्यावर ती ओळीने आहेत, उजव्यावर पुंजक्यांनी. एक बकरीचं कातडं, एक मेंढीचं. दिवा बदलला, लेन्स बदलली, दुसऱ्या तंत्रज्ञाला काही न सांगता बघायला लावलं. तो म्हणाला, "हे दोन शेजारी कुणी ठेवले?" मी त्याला चहाला पाठवलं.

फाटलेली एक कड दोन जनावरांतून जात नाही, बाबा. पण इथवर ती चूक म्हणता आली असती. चुका होतात, तुम्हीच शिकवलंत. उजव्या तुकड्याच्या बाकीच्या कडा काळवंडलेल्या, चुरलेल्या आहेत. जोडाची तेवढी फिकट आहे. भिंगाखाली तिथले तंतू तुटलेले नाहीत, कापलेले दिसतात. डाव्या तुकड्याच्या वळणावरून कुणीतरी सावकाश पातं फिरवल्यासारखे. तुकडे जुळले त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं, मला माहीत नाही. तुम्ही दर भाषणात सांगता की तुम्ही एकटेच होतात.

अहवालात मी छिद्रांचंही लिहिलं आहे आणि कडेचंही. कडेचा फोटो वगळून बघितला. उरलेला अहवाल खोटा नव्हता, तरी मला त्यावर सही करता येईना. सोमवारी दुपारी तो प्रमुखांच्या टेबलावर जाईल. फोन केला असता तर तुम्ही त्या शांत, शिकवण्याच्या आवाजात काहीतरी समजावून सांगितलं असतं, आणि मला ते पटलं असतं. मला आजवर तुमचं सगळं पटत आलं आहे. म्हणून हे पत्र. सोमवारी सकाळी तुम्ही स्वतः त्यांच्याकडे जा. मी दाराबाहेरच्या बाकावर बसून असेन. आत येणार नाही, पण तुम्ही बाहेर येईपर्यंत उठणारही नाही.

तुमचीच,
धाकटी