सविनय नकार

८ जानेवारी, गुरुवार
चोरी झाली. घरात नाही, मोबाइलवर! माझ्या ‘सविनय नकार’ची हुबेहूब नक्कल – ‘नम्र नकार’. ज्यांना आलेल्या स्थळाला नाही म्हणायची लाज वाटते, त्यांना गोड शब्दांत मेसेज लिहून द्यायचा, ही कल्पना माझी. आख्खं पुणं वर्षानुवर्षं ‘पत्रिका जुळत नाही’ या एकाच वाक्यावर भागवत होतं. मी जरा चव आणली. आणि चोर कोण? माझी मैत्रीण शेफाली! शनिवार पेठेत तिच्या घरी थालीपीठ खाता खाता मीच तिला सगळं सांगितलं होतं. थालीपीठही करपलेलं होतं.

९ जानेवारी
फोन केला. म्हणाली, ‘‘नकार काय तुझ्या एकटीच्या मालकीचा आहे का गं?’’ चोराच्या उलट्या बोंबा. वकील म्हणाले, नुसत्या कल्पनेवर हक्क सांगता येत नाही. एवढं ऐकवायची फी मात्र सांगता येते.

११ जानेवारी
ठरलं. गुप्ततेच्या करारावर सही केल्याशिवाय कोणाला काही सांगायचं नाही. पेजवरून माझं नाव काढलं, वर ठळक लिहिलं – ‘मूळ आम्हीच’. पहिली सही आईची. ‘‘घे बाई सही. पण तुझा धंदा काय हाय तेच मला अजून कळलं न्हाई, सांगू कुणाला?’’

१४ जानेवारी
ऑर्डर नाही. एकाने विचारलं, ‘‘तुम्ही त्या ‘नम्र नकार’ची कॉपी का?’’ तिळगूळ कडू लागला.

१८ जानेवारी, रविवार
खडकवासल्याहून आमच्याकडे धायरीला मला पाहायला आले. पृथ्वीराज आणि त्याची आई. आम्हा दोघांना गच्चीत पाठवलं. ‘‘आपण काय करता?’’ मी करार पुढे केला. आधी सही!
बारीक अक्षरांसकट सगळा वाचला त्याने. सही केली. मग सांगितलं, तर हसता हसता कठड्यावरच बसला. ‘‘आईलाही सांगायचं नाही?’’
‘‘नाही.’’
‘‘बरं. नाही सांगणार.’’
शेफालीने यातलं पाव जरी पाळलं असतं! मला आवडला. कोण वाचतंय इथे – खूप आवडला.

२१ जानेवारी
निरोप नाही. आई देवापुढे बसलीय. मी फोनपुढे.

२२ जानेवारी
ऑर्डर आली.
‘नमस्कार. दुसरीकडे स्वस्तात होतं, पण तुम्ही मूळ, म्हणून आपल्याकडेच आले. धायरीच्या एका मुलीला नकार कळवायचा आहे. आमच्या मुलाला ती पसंत आहे, पण ती काय उद्योग करते विचारलं की गप्प बसतो. म्हणे, सही केलीय. लग्नाआधीच आईपासून लपवायला शिकवते, अशी सून आम्हाला नको. मुलगी चांगली आहे, मन दुखू नये असं लिहा. मुलीचं नाव – राजनंदिनी.’
माझंच नाव. सकाळपासून लिहायला बसलेय. ‘पत्रिका जुळत नाही’ यापुढे काही सुचत नाही.