मुखत्यार म्हणून कोणाचं नाव

मंगळवार, संध्याकाळ. नंदुरबार.

आज वकिलांकडे जाऊन आले. सुरतला ऑपरेशन ठरलंय. मी नसताना रनाळ्याचं शेत, बँक, बांधाच्या दाव्याच्या तारखा कोण बघणार, म्हणून मुखत्यारपत्र करायचं. वकिलांनी पेन उघडलं आणि विचारलं, "बाई, कोणाचं नाव लिहू?" मला नावच सुचेना. आयुष्यभर शाळेत हजेरी घेतली मी.

हे असते तर प्रश्नच नव्हता. पुतण्या आहे, पण तो भेटला की जमीन विकायचंच बोलतो. शेवटी नणंदेचं, मंगलाचं नाव सांगितलं. बांधाच्या भांडणात, "वहिनी, तुन्हं चुकनं," असं तोंडावर म्हणणारी ती एकटीच होती. तरी इतका वेळ का लागला मला? ते उघडं पेन अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

तिथून सरळ मंगलाकडे गेले. ती अंगणात मिरच्या निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "तू सांगशी तसंच करसू. पन मले जे पटाव नही, ते तुले आधी सांगसू."

मला हेच हवं होतं. बरं वाटलं.

मग तिनं विचारलं, "आन दवाखानामा तुन्हासंगे कोन शे?"

"तिथे नर्स असतात," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी उठले.

रिक्षात बसल्यावर वाटलं, सगळं शेत तिच्या हाती सोपवलं, मग 'तूच चल माझ्याबरोबर' एवढं म्हणायला मला काय झालं होतं?