भेंडीचा पुरावा

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज डबा परत आला. आठ दिवसांपूर्वी मॅनेजरने माझ्या नवऱ्याला, सुहासला, जेवायच्या आधीच घरी पाठवलं, आणि आता कंपनी म्हणते, नोकरी यानेच सोडली! पण भरलेला डबा ऑफिसात टाकून कोणी राजीनामा देतं का? तोही भेंडीचा?

तेव्हापासून हा आंतरराष्ट्रीय मानवाधिकार न्यायालयासाठी अर्ज लिहितोय. एकवीस पानं झाली. मुख्य पुरावा, डबा. काल मुक्ताने शोधून सांगितलं, "बाबा, कॅनॉट लाह, नाही जमणार. ते कोर्ट युरोपवाल्यांचं. इथेच कम्प्लेंट करा ना." तर लेकीवरच रुसला. नोकरी गेली म्हणून कामाचा पास रद्द झाला की महिन्याभरात सिंगापूर सोडावं लागेल, आणि याला युरोप सुचतंय.

तर डबा. कुरिअरने आला, घरभर वास सुटला. मी काय करणार? नाक दाबून उघडला, घासला, पालथा घातला.

"अगं, पुरावा धुतलास!" सुहास ओरडला.

वीस वर्षं डबे घासतेय, हात थांबतात का? रडूच आलं मला. पिशवी कचऱ्यात टाकायला गेले, तर तिच्यावर चिठ्ठी. कंपनीचा शिक्का, आणि खाली लिहिलेलं: कामावरून काढलेल्या कर्मचाऱ्याचं सामान.

सुहासने ती तीनदा वाचली. मग एकवीस पानं बाजूला सारून इथल्या तक्रारीचा फॉर्म भरायला बसला.

चिठ्ठी कपाटात, कुलपात आहे. किल्ली मला देत नाही. म्हणतो, तू धुशील.