सोनमची पेटी

मल्लाप्पा,

आशीर्वाद नंतर. बाबांच्या भजनाची चाल जरा फिरवली म्हणून पोटच्या पोरीची पेटी कपाटात कोंडलीस? काय म्हणावं तुला!

मी बरी आहे. कोरमंगलात मी स्वयंपाक करते त्या घरचे प्राणेशसर मांडीवर भात्याचं वाद्य घेऊन टँगो वाजवतात, परदेशी नाचाचं संगीत. आधी गुरूची चाल जशीच्या तशी, मग स्वतःच्या मनानं. काल ती मनाची चाल ऐकता ऐकता मी तरंगत आपल्या नदीवर पोचले. आई धुणं धूत होती, वळून हसली. इकडे दूध उतू गेलं. जुन्या चालीत आई कधी आली नव्हती रे.

तुझ्या बायकोचा गुडघा कसा आहे?

गुरुवारच्या भजनात सोनमला आधी बाबांची, मग तिची चाल वाजवू दे. बुधवारपर्यंत कळव. तोवर आशीर्वाद माझ्याकडेच राहील.

तानूअक्का